रामशेज आणि बाईंचा प्रश्न

आठवीतली रामशेजची सहल आठवते? पेठ रस्त्याने आशेवाडीला उतरलो, पायऱ्या चढून रामाच्या देवळापाशी डबे उघडले. एवढासा किल्ला औरंगजेबाच्या फौजेपुढे पाच वर्षांहून अधिक काळ टिकला, हे बाई सांगत होत्या, तेवढ्यात आपल्यातल्या एका खादाडाने विचारलं, "बाई, मग इतकी वर्षं ते जेवले काय?" आपण सगळे हसलो. बाई मात्र म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. उत्तर सापडलं की मला सांगा." बाई, फार उशीर झाला, पण सांगते.

1682 मध्ये शहाबुद्दीन खानाने वेढा घातला. किल्ल्याइतका उंच लाकडी दमदमा उभारूनही त्याला यश आलं नाही. मग खानजहान बहादूर कोकलताश आला, तोही हात हलवत परतला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. झाडाचे बुंधे पोखरून, त्यावर चामडं चढवून मावळ्यांनी तोफा केल्या आणि त्या एकेक तोफेने दहा तोफांचं काम केलं, असं लिहून ठेवलंय खाफीखानाने, म्हणजे मोगलांच्याच इतिहासकाराने.

गोष्ट इथवर आपल्याला पाठ आहे. शौर्याला दाद देऊन आपण धडा मिटायचो. मला मात्र आता त्या शौर्यामागची व्यवस्था जास्त ओढते. शिवाजी महाराजांनी घालून दिलेली पायदळाची रचना बघा: नऊ पाईक आणि त्यांचा एक नाईक. पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. दहा माणसांच्या तुकडीला स्वतःचा म्होरक्या असला, की डोंगरात वरून हुकूम पोहोचला नाही तरी काम अडत नाही. (आमच्याकडे एक मुख्य सर्व्हर बसला की अख्खं ऑफिस चहाला जातं!)

किल्ल्यावर तर त्याहून पुढची गोष्ट. तिथे एकाची सत्ता नव्हती. हवालदाराकडे किल्ल्या आणि दरवाजे, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळ्याची कोठारं. तिघे मुद्दाम वेगवेगळ्या जातींचे नेमत आणि कारभार तिघांच्या संमतीने चाले. पायथ्याच्या घेऱ्यात रामोशी, महार, कोळी यांचे पहारे असत. रानातली प्रत्येक वाट यांना ठाऊक. खरं तर किल्ल्याचं रक्षण तिथूनच सुरू व्हायचं, पण आपल्या पुस्तकात या लोकांना एक ओळही नव्हती.

म्हणजे जेवणाचं उत्तर असं: आधीपासून मोजून भरलेली कोठारं, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, आणि वेढ्याबाहेर फिरणारी फौज. संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना पाठवलं होतं. ते बाहेरून मोगलांवर छापे घालत राहिले. वेढा घालणाऱ्यालाच पाठीमागे बघत बसावं लागलं, तर वेढा पक्का आवळणार कसा? गनिमी कावा म्हणजे नुसतं झाडीतून उडी मारणं नव्हे. किल्ल्यातली शिबंदी, घेऱ्यातले पहारे आणि फिरती फौज हे सगळं एकमेकांना जोडलेलं होतं.

शेवटी रामशेज पडला, पण तोफांनी नाही, फितुरीने. सांगतात की, इतकी वर्षं लढलेल्या किल्लेदाराला मानसन्मान देऊन दुसरीकडे नेमलं, आणि नव्याने पैशांच्या मोबदल्यात किल्ला दिला. मला हे खटकतं. कोणी एका जागी मुरू नये म्हणून बदल्या करणं तत्त्व म्हणून योग्यच. पण वेढा चालू असताना? आणि त्या वेळी सबनीस, कारखानीस काय करत होते?

बाई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या दिवशी प्रश्न विचारणारा खादाड संमेलनाला येतोय असं कळलंय. जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवा.