ब्राउझरांची स्पर्धा आणि कंपनीची पत



आपल्याकडील पेढीवाल्यांच्या बोलण्यात दोन शब्द नेहमी येतात. एक भांडवल आणि दुसरा पत. भांडवल तिजोरीत असते, ते मोजता येते. पत दुसऱ्याच्या मनात असते, म्हणून ती मोजताना भलेभले चुकतात. ज्याच्या दुकानी गर्दी अधिक त्याची पत अधिक, असा सोपा हिशेब आपण करून मोकळे होतो. हा हिशेब कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आम्ही आज एक अलीकडचा इतिहास निवडला आहे. तो राजेरजवाड्यांचा नाही की लढायांचा नाही. तो संगणकावरील एका साधनाचा, म्हणजे ब्राउझरचा आहे.

संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो ती निराळी आणि आंतरजालावरील पाने ज्यातून आपण पाहतो तो ब्राउझर निराळा. प्रणालीला घर म्हटले, तर ब्राउझर हा रस्त्यावर उघडणारा दरवाजा होय. घर ज्याने बांधले त्यानेच दरवाजाही बसवून द्यावा, की दरवाजा निवडण्याची मुभा घरात राहणाराला असावी, यावरून पुढचा सारा तंटा झाला.

या कथेचा आरंभ मोठा उदार आहे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने ही सारी विद्या कोणताही मोबदला न घेता जगाला खुली करून दिली. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझेक नावाचा ब्राउझर तयार झाला. तो करणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन या तरुणाने जिम क्लार्क यांच्याबरोबर १९९४ साली जी कंपनी काढली, तीच पुढे नेटस्केप म्हणून प्रसिद्धीस आली. ९ ऑगस्ट १९९५ रोजी तिचे भाग प्रथम विक्रीस निघाले. २८ डॉलरचा भाग त्या दिवशी संध्याकाळी ५८ डॉलरवर गेला होता.

हे सर्व मायक्रोसॉफ्ट ही बलाढ्य कंपनी पाहत होती. तिची विंडोज ही प्रणाली जगातील बहुतेक घरगुती संगणकांवर होती. तिचे प्रमुख बिल गेट्स यांनी २६ मे १९९५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना एक टिपण धाडून, आंतरजालाची लाट येत आहे, सर्वांनी तिकडे वळावे, असे बजावले. लगोलग इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर बाहेर पडला. त्याचा पाया मोझेकवरूनच परवाना घेऊन घातलेला होता. नेटस्केप आपल्या ब्राउझरची किंमत घेई. हा फुकट होता, आणि पुढे तर विंडोजबरोबर आयताच घरी येऊ लागला. संगणक बनविणाऱ्या कारखानदारांनी तो काढून टाकू नये, अशीही अट होती.

येथे न्याय्य बोलले पाहिजे. इंटरनेट एक्स्प्लोरर वाईट होता म्हणून जबरदस्तीने खपला, असे म्हणणे खरे नव्हे. १९९७ च्या सुमारास तो प्रतिस्पर्ध्याच्या तोडीस तोड होता, आणि फुकट मिळत असल्याने सामान्य माणसाचा फायदाही झाला. मग लोकांनी तक्रार का करावी? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर न्यायालयात मिळाले.

१८ मे १९९८ रोजी अमेरिकेच्या न्यायखात्याने आणि २० राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. कंपनीचे म्हणणे असे की, ब्राउझर हा प्रणालीत इतका मिसळलेला आहे की तो काढला तर प्रणालीच बिघडेल. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन यांनी तो दूर करणारी आज्ञावली लिहून दाखविली. ती चालविल्यास संगणक कसा मंदावतो, हे दाखविण्यासाठी कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये एक चित्रफीत न्यायालयापुढे ठेवली. सरकारी पक्षाचे वकील डेव्हिड बॉईझ यांनी ती पुनःपुन्हा थांबवून पडद्यावरील चौकटीच्या माथ्यावरील अक्षरांकडे बोट दाखविले. फेल्टन यांची आज्ञावली त्या संगणकावर चाललीच नव्हती, असे त्या अक्षरांवरून दिसत होते! अखेर ती फीत एकाच संगणकाची नव्हे, हे कबूल करून कंपनीला प्रयोग पुन्हा करून दाखवावा लागला.

आमच्या मते या इतिहासातील खरा मर्मभेद येथे झाला. कंपनीच्या म्हणण्यात तथ्यांश असेलही. परंतु तिने आणलेला पुरावाच डळमळला, तेव्हा तिच्या शब्दाची किंमत उतरली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. न्यायाधीश जॅक्सन यांनी जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. अपील न्यायालयाने जून २००१ मध्ये तो हुकूम रद्द केला, खटला चालू असता वार्ताहरांशी बोलल्याबद्दल न्यायाधीशांनाही दोष दिला. परंतु कंपनीने मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकविली, हा मुख्य निष्कर्ष कायम ठेवला. नेटस्केपला मात्र त्याचा काही उपयोग राहिला नव्हता. ती कंपनी तोवर विकली गेली होती.

स्पर्धक उरला नाही, तेव्हा काय झाले? २००१ साली इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती निघाली आणि दोनएक वर्षांत दहांतील नऊहून अधिक माणसे तोच वापरू लागली. पण सातवी आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडावा लागला. मधल्या पाच वर्षांत चोरट्या आज्ञावल्यांनी त्याच्या भिंतींना भोके पाडली. खुद्द गेट्स यांनी जानेवारी २००२ मध्ये आपल्या नोकरवर्गाला लिहिले की, नव्या सोयींपेक्षा सुरक्षितता आणि विश्वास यांना अग्रस्थान द्यावे. गर्दी सर्वांत मोठी असतानाच पत सर्वांत कमी झाली होती, याची ही धन्याच्या तोंडची कबुलीच नव्हे काय?

या काळाची झळ आपल्या मराठीलाही लागली होती. त्या वर्षांत मराठी पाने ज्याच्या त्याच्या खासगी टंकांत लिहिली जात, आणि त्यांतील कित्येक एका इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच धड दिसत. दुसऱ्या ब्राउझरमधून पाहावे, तर ओळीच्या ओळी अगम्य रोमी चिन्हांच्या! आपली भाषा वाचायला एका परक्या कंपनीचाच दरवाजा उघडावा लागावा, ही गोष्ट तेव्हा फार थोड्यांना खटकली. युनिकोड ही सर्वमान्य अक्षरपद्धती रूढ झाली तेव्हाच ही अडचण सुटली.

कोंडी फोडली ती सामान्य माणसांनी. नेटस्केपने मार्च १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांना खुली केली होती. त्या राखेतून ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स निघाला. कोणीही त्याची संहिता वाचावी, तपासावी, दोष दाखवावा, अशी रीत होती. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची दोन पानी जाहिरात आली, ती सुमारे १०,००० माणसांच्या वर्गणीतून. ज्या वस्तूसाठी माणसे आपण होऊन पदर झटकतात, तिथे पत आहे असे खुशाल समजावे.

युरोपातही हाच धडा मिळाला. तेथे २००९ साली मायक्रोसॉफ्टने, गिऱ्हाइकापुढे निरनिराळे ब्राउझर मांडून निवड त्याच्यावर सोपवू, असे वचन दिले. पुढे १४ महिने सुमारे दीड कोटी संगणकांवर तो निवडीचा पडदा आलाच नाही. कंपनी म्हणाली, चूक तांत्रिक आहे. मार्च २०१३ मध्ये तिला ५६ कोटी १० लाख युरो दंड झाला. कारण प्रश्न हेतूचा नव्हता, दिलेल्या वचनाचा होता.

१५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेला एज हा ब्राउझर २०२० पासून क्रोमियम या खुल्या संहितेवर उभा आहे, आणि ती संहिता प्रामुख्याने गूगल या प्रतिस्पर्ध्याची आहे! पण म्हणून गूगलची पत आपोआप सिद्ध झाली, असे नाही. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या न्यायालयाने आंतरजालावरील शोधाच्या व्यवहारात गूगललाही बेकायदा मक्तेदार ठरविले. त्या खटल्याच्या मुळाशीही तोच मुद्दा होता: आयती ठेवलेली वस्तू माणूस सहसा बदलत नाही, आणि ती जागा मिळविण्यासाठी कंपनी अब्जावधी डॉलर मोजते.

तात्पर्य, गर्दी म्हणजे पत नव्हे. ज्याला निघून जायला दुसरा दरवाजा आहे आणि तरीही जो राहतो, त्याच्याच राहण्याला विश्वास म्हणता येईल. दुसरा दरवाजा नसेल, तर ती केवळ सवय किंवा निरुपाय होय. कंपन्या बदलतील, ब्राउझर बदलतील. परंतु आपल्या सरकारी कचेरीचे वा बँकेचे पान कोणत्याही ब्राउझरमधून उघडले पाहिजे, हा आग्रह नागरिकांनी सोडू नये. आज घरी गेल्यावर आपल्या संगणकावरील ब्राउझर आपण निवडला की तो आयताच आला, एवढे प्रत्येकाने पाहावे. आयता आला असेल आणि चांगला असेल, तर अवश्य ठेवावा. पण दुसरा एकदा वापरून पाहिल्यावर ठेवावा.