तुकारामांच्या संसारविषयक अभंगांतील विनोद : एक ऐतिहासिक साधन

प्रस्तावना

मराठी संतकाव्यात आत्मपर निवेदनाची परंपरा जुनी आहे. नामदेव, जनाबाई, चोखामेळा यांच्या अभंगांतून त्यांच्या जीवनाचे धागे सापडतात. तथापि स्वतःचे घर, त्यातील दारिद्र्य आणि पती-पत्नीमधील कलह यांना विनोदाच्या अंगाने काव्यात स्थान देण्याचे धाडस तुकारामांइतके क्वचितच कोणी केले असेल. तुकारामांच्या गाथेत ‘स्वामींच्या स्त्रीने स्वामींस कठीण उत्तरे केली’ अशा आशयाच्या मथळ्याखाली सात अभंगांचा एक लहानसा गट आढळतो. कीर्तनकारांनी तो श्रोत्यांना हसविण्यासाठी वापरला, तर चरित्रकारांनी जिजाबाईंच्या कजागपणाचा पुरावा म्हणून. या अभंगांचा इतिहासाचे साधन म्हणून कितपत उपयोग होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

देहूच्या मोरे घराण्याकडे महाजनकी होती. शेती, व्यापार आणि सावकारी ही या कुटुंबाची उपजीविकेची साधने होती. इ. स. 1630 ते 1632 या काळात दख्खन व गुजरात या प्रदेशांत भीषण दुष्काळ पडला. मोगल दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘पादशाहनामा’त त्याची नोंद केली आहे. या दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला आणि प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून मरण पावली. तुकारामांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात या घटना स्वतः सांगितल्या आहेत. संतांनी विचारले म्हणून बोलावे लागले, असा संकोचही तेथे व्यक्त झाला आहे.

संसाराचा पुढील भार द्वितीय पत्नी जिजाबाई यांच्यावर पडला. त्या पुण्याच्या गुळवे घराण्यातील होत. परंपरेत त्यांना ‘आवली’ असेही म्हणतात. माहेरची सुस्थिती आणि सासरचे दिवाळे यांमधील अंतर लक्षात घेतल्याशिवाय या सात अभंगांतील विनोदाचा अर्थ लागत नाही.

अभंगांतील घर

या अभंगांत तत्त्वचर्चा अल्प आणि वस्तूंचे उल्लेख विपुल आहेत. घर धुऊन नेल्यासारखे रिकामे झाले आहे. सारवायला शेणसुद्धा नाही. मुले भुकेने आईला तोडीत आहेत. धान्याची गोणी घरी आली, तर ती पोरांच्या तोंडी लागण्यापूर्वीच लोकांच्या पदरात रिती होते. नवरा गळ्यात माळा घालून, हाती टाळ घेऊन देवळात तोंड वासून गातो; उद्योग सोडून रानात जातो. एकदा तो बाहेर पडतो, तेव्हा ‘बरे झाले’ म्हणून ही स्त्री ओल्या-कोरड्या भाकरी पोटभर खाण्याचा बेत करते.

या तपशिलांना अर्थशास्त्रीय मूल्य आहे. सारवायला शेण नसणे ही वरवर हास्यास्पद तक्रार वाटते. परंतु शेतकरी आणि व्यापारी घरात शेण नाही याचा अर्थ गोठ्यात जनावर उरलेले नाही. माल वाहणारे बैल हेच अशा कुटुंबाचे भांडवल असे. म्हणजेच एका गृहिणीच्या त्राग्यात संपूर्ण आर्थिक पतनाची नोंद झाली आहे. राजदरबारातील बखरकारांना किंवा महसुली कागदपत्रांना घराच्या आतील ही बाजू दिसत नाही.

दुसरा लक्षणीय भाग असा की, एका अभंगात तक्रार एकट्या जिजाबाईंची राहत नाही. काम न करता टाळ कुटणाऱ्या सर्वच भक्तांच्या बायका तळमळत आहेत, असे तेथे म्हटले आहे. वारकरी चळवळीचा इतिहास बहुधा भक्तांच्या बाजूने लिहिला गेला. त्या भक्तीची किंमत घरात कोणी मोजली, हा प्रश्न चळवळीच्या अंतरंगातूनच येथे उपस्थित झालेला दिसतो.

साधनचिकित्सा

हे अभंग म्हणजे जिजाबाईंच्या बोलण्याची शब्दशः नोंद मानणे मात्र योग्य ठरणार नाही. त्याची तीन कारणे सांगता येतील. प्रथम, मथळ्यातील ‘स्वामी’ हा आदरार्थी शब्द पाहता तो मथळा कवीने स्वतः दिलेला नसून लेखक-परंपरेचा असावा. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी मुंबई सरकारच्या अर्थसाहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून 1869 व 1873 मध्ये गाथेचे दोन खंड प्रसिद्ध केले. तत्पूर्वी हे अभंग हस्तलिखिते आणि मौखिक परंपरा यांतूनच चालत आले होते. दुसरे असे की, स्त्रीच्या मुखाने संसाराचे गाऱ्हाणे मांडण्याचा प्रघात एकनाथांच्या भारुडांत पूर्वीच रूढ झाला होता. तेव्हा या रचनांत वाङ्मयीन संकेताचा वाटा निश्चितच आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. तक्रार स्त्रीची असली, तरी अभंगाची नाममुद्रा तुकारामांची आहे. शेवटच्या चरणात पती उत्तर देतो. कधी धीर धरण्यास सांगतो, कधी हे प्राक्तनच होते असे म्हणतो, तर कधी पत्नीला कठोर शब्दही वापरतो. सातव्या अभंगात तर घरी येणाऱ्या लोकांच्या प्रेमाचे समर्थन करणारा पतीचाच आवाज आहे. म्हणजे एकाच रचनेत दोन आवाज आहेत आणि शेवटचा शब्द पुरुषाचा आहे. असे असूनही कवीने स्वतःच्या विरुद्धचा पुरावा गाळला नाही. उपाशी पोरे, रिकामा गोठा आणि वाटून टाकलेले धान्य त्याने आपल्याच नावावर नोंदवून ठेवले. विनोदाच्या आवरणामुळेच ही कबुली शक्य झाली असावी.

उत्तरकालीन प्रतिमा

अठराव्या शतकात महिपतींनी ‘भक्तविजय’ (1762) व ‘भक्तलीलामृत’ (1774) या ग्रंथांतून तुकारामांचे चरित्र ओवीबद्ध केले. संतचरित्राच्या या परंपरेत अभंगांतील तक्रारीला प्रसंगांचे रूप आले आणि कर्कशा पत्नी व शांत पती ही जोडी लोकमानसात स्थिर झाली. पतीच्या पाठीवर ऊस मोडणारी आवली सर्वांच्या लक्षात राहिली. तो ऊस मुलांच्या वाट्याचा होता, हे मात्र मागे पडले.

प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटाने या प्रतिमेत काही बदल घडविला. गौरी यांनी साकारलेली आवली तापट असूनही कष्टाळू आणि मायाळू आहे. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग मूळ तुकारामांचाच असा अनेकांचा समज झाला. शैलीवरून कर्तृत्व ठरविणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

1. या सात अभंगांकडे घटनांची दैनंदिनी म्हणून पाहता येत नाही; तथापि दुष्काळोत्तर ग्रामीण कुटुंबाच्या स्थितीचे साधन म्हणून त्यांचे मूल्य मोठे आहे.

2. जिजाबाईंना लावलेले ‘कर्कशा’ हे विशेषण हा पतीच्या व चरित्रकारांच्या बाजूचा अभिप्राय आहे. अभंगांतील वस्तुस्थिती त्या अभिप्रायास दुजोरा देण्याऐवजी त्यांच्या रागाचे कारण स्पष्ट करते.

3. विनोदी आत्मपर काव्यात जे गमतीचे म्हणून सहज सांगितले जाते, तेथेच दैनंदिन जीवनाचा विश्वसनीय तपशील सापडण्याची शक्यता अधिक असते.

जिजाबाईंनी स्वतः लिहिलेली एकही ओळ आज उपलब्ध नाही. त्यांच्या बाजूचे जे काही शिल्लक आहे, ते पतीच्या विनोदात आहे. म्हणून या अभंगांवर हसताना अभ्यासकाने त्या घरातील रिकामी चूलही पाहिली पाहिजे.