सॉसेजच्या विषापासून जबड्याच्या उपचारापर्यंत

मूल झोपेत दात खाऊ लागले, की त्याला जंत झाले असावेत, असे आपल्याकडे घरोघरी समजले जाते. परंतु ही सवय प्रौढांतही आढळते. तिच्यामुळे दात झिजतात, जबडा आणि कानशिले दुखतात. वैद्यकात तिला ब्रक्सिझम म्हणतात. आज त्यावर बोटुलिनम विषाची इंजेक्शनेही दिली जातात. हे विष जबड्यापर्यंत कसे पोहोचले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात बिघडलेली सॉसेजेस खाऊन माणसे दगावत होती. तेथील डॉक्टर व कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० आणि १८२२ मध्ये अशा रुग्णांची तपशीलवार वर्णने प्रसिद्ध केली. विषाचा अर्क त्यांनी स्वतःवरही अजमावला. रुग्णाची शुद्ध शाबूत राहते, मात्र मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारी आज्ञा थांबते, हे त्यांनी ओळखले. हेच विष अत्यल्प मात्रेत दिल्यास अतिचंचल स्नायूंना शांत करू शकेल, असा तर्कही त्यांनी मांडला.

१८९५ मध्ये बेल्जियममध्ये हॅम खाल्ल्याने झालेल्या विषबाधेतून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी या विषाचा कर्ता जिवाणू शोधला. ‘बोटुलस’ या सॉसेजवाचक लॅटिन शब्दावरून विषाला नाव मिळाले. मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीनचे स्रवणे हे विष रोखते, असे १९४९ मध्ये आर्नॉल्ड बर्जेन व सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते प्रथम माकडांच्या आणि नंतर तिरळेपणा असलेल्या माणसांच्या नेत्रस्नायूंत टोचले. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी या औषधाला मान्यता मिळाली. केर्नर यांचा तर्क दीडशेहून अधिक वर्षांनी खरा ठरला.

पुढच्याच वर्षी, मेंदूला इजा झालेल्या एका रुग्णाच्या दात खाण्यावर हाच उपाय केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. चावण्याच्या स्नायूंत विष टोचले, की त्यांचा जोर साधारण तीन ते चार महिने ओसरतो. दीर्घकालीन अर्धशिशीसाठी अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. तेथे वेदनेचे संदेश वाहणारी रसायनेही ते अडवते, असे मानले जाते.

तथापि एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. दात खाण्याची प्रेरणा मेंदूत उपजते. विष केवळ स्नायूपाशी काम करते. त्यामुळे दातांवरचा दाब घटतो, मूळ सवय मात्र सुटतेच असे नाही. वारंवार टोचल्यास चावण्याची शक्ती कमी होऊ शकते, स्नायू रोडावू शकतो आणि जबड्याच्या हाडावरील परिणामांचा अभ्यास अद्याप चालू आहे. ब्रक्सिझमसाठी अमेरिकी नियामकाची मान्यताही या औषधाला नाही.

विष आणि औषध यांतील अंतर मात्रेचे असते, तसेच ते जागेचे आणि निदानाचेही असते. म्हणून सुई टोचून घेण्यापूर्वी दुखण्याचे मूळ दातांत आहे, सांध्यात आहे की झोपेत, हे तज्ज्ञांकडून तपासून घेणे श्रेयस्कर.