ग्रामसभेचा वनोपज व्यापार (हेमलकसा–भामरागड)

ग्रामसभेचा वनोपज व्यापार : गावाने आपल्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलातून निघणारा माल एकत्र करणे, मोजणे, साठवणे, गावाच्या नावाने विकणे आणि त्याचा हिशेब गावापुढे मांडणे. तेंदूपत्ता, बांबू, मोहफूल, चारोळी, हिरडा, डिंक, लाख, मध हा त्यातला मुख्य माल. या नोंदीत गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातला हेमलकसा परिसर मध्यवर्ती धरला आहे. ज्या गावांनी हा व्यापार आधी करून दाखवला ती मेंढा (लेखा), पाचगाव यांसारखी इतर गावेही ओघाने येतात. या व्यापाराच्या दुकानाला बहुधा दर्शनी भाग नसतो. काटा, ताडपत्री, समाजमंदिराची एखादी खोली आणि वही एवढे असले की ते चालू होते.

मुलूख : हेमलकसा आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या मिळतात, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. वस्ती मुख्यत्वे माडिया गोंडांची. कातकरी व कोलाम यांच्यासह माडिया ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. पावसाळ्यात पर्लकोट्याला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि भामरागड तुटते. म्हणून येथल्या व्यापाराला मृगाआधीची घाई असते: जंगलाचा माल बाहेर जायचा तो पावसाआधी, आणि मीठ, तेल, धान्य आत यायचे तेही पावसाआधी. जो या काळात ट्रक आणू शकतो, त्याच्या हाती भाव असतो. हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याआधी जिल्ह्याचे ठिकाण कितीतरी अधिक दूर होते आणि तक्रार घेऊन तिथे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

जुना व्यवहार : मिठाच्या बदल्यात चारोळी ही दंडकारण्यात सर्वत्र सांगितली जाणारी कथा, मापाला माप, म्हणजे पायलीभर चारोळीला पायलीभर मीठ. ती ऐकून शहरातला माणूस हळहळतो आणि आदिवासी भोळा होता असे म्हणून मोकळा होतो. हा निष्कर्ष उथळ आहे. मीठ जंगलात पिकत नाही, त्यावाचून चालत नाही आणि ते आणणारा माणूस एकच होता. चारोळीला नागपूरच्या मिठाईवाल्याकडे काय भाव आहे हे कळले असते, तरी तिथवर ती नेणार कोण? फसवणूक काट्यात होती, मापात होती आणि वहीतही होती. पण व्यापाऱ्याची खरी ताकद होती ती पर्याय नसण्यात.

23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना उभा केला आणि 1976 मध्ये निवासी शाळा सुरू झाली. या दांपत्याला 2008 मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो मुख्यतः आरोग्य व शिक्षणाच्या कामासाठी. व्यापाराच्या इतिहासात मात्र दवाखान्यापेक्षा शाळेचे महत्त्व अधिक मानायला हवे. वहीतला आकडा वाचता येणारा माणूस घरात असला की व्यापाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

शासनाचे प्रयोग : 1969 च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाच्या ताब्यात गेला, प्रत्यक्षात गोळा करण्याचे काम लिलाव घेणाऱ्या ठेकेदारांकडे राहिले. 1972 मध्ये नाशिकला मुख्यालय असलेले आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. 1977-78 पासून त्याने आदिवासी भागात एकाधिकार खरेदी सुरू केली, म्हणजे ठरवून दिलेला शेतमाल व वनोपज व्यापाऱ्याने घ्यायचा नाही, महामंडळाने घ्यायचा. गावपातळीवर हे काम आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था करीत. पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी खावटी कर्जही याच काळात आले. कल्पना चुकीची नव्हती. पण केंद्र दूर, ते उघडण्याची तारीख अनिश्चित आणि चुकारे उशिरा. उलट व्यापारी दारात, रोख पैसे घेऊन, शिवाय अडीअडचणीला उसने देणारा. कायद्याने बंदी असूनही माल त्याच्याकडेच का वळला, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

1980 च्या दशकात नक्षलवादी या भागात पसरले ते तेंदू मजुरीचा प्रश्न हाती घेऊन. मजुरी वाढली हे खरे, आणि ठेकेदारांकडून खंडणी सुरू झाली हेही खरे. माल कोणाचा हा प्रश्न दोन्ही बाजूंनी तसाच राहिला.

मालकीचा कायदा : माल कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने आले. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला देण्याचे तत्त्व मान्य केले. महाराष्ट्राने 1997 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, पण त्याच्या यादीतून बांबू आणि तेंदू वगळले. म्हणजे ज्यात पैसा होता तेच वगळले. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूसह हा सगळा माल गौण वनोपज ठरवला आणि तो गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क दिला. 2012 मध्ये या कायद्याचे नियम सुधारले आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेने नेमलेल्या समितीकडे आला. राज्याचे पेसा नियम 2014 मध्ये निघाले. त्यांत पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट आहे आणि ग्रामसभेच्या स्वतःच्या कोषाची तरतूद आहे. भामरागडसारख्या विखुरलेल्या वस्तीत यांतली पाड्याची तरतूद कळीची. दहा-पंधरा पाड्यांची मिळून ग्रामपंचायत असते. तिच्या कचेरीत घेतलेला निर्णय पाड्यावरच्या झाडाखाली पोचेपर्यंत हंगाम संपतो.

ग्रामसभा आणि सहकारी संस्था यांत एक मूलभूत फरक आहे. संस्थेचे सभासद व्हावे लागते, भाग घ्यावा लागतो. ग्रामसभेत मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण आपोआप वाटेकरी असतो. यामुळे कोणी बाहेर राहत नाही, पण थकबाकीदाराला बाहेर काढताही येत नाही.

मेंढा (लेखा) : धानोरा तालुक्यातले हे गोंड गाव. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची अभ्यासगटाची पद्धत यांमुळे ते देशभर गाजले. 2009 मध्ये मेंढ्याचा (सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा) आणि मर्दा गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा देशात सर्वांत आधी मान्य झाला. तरी बांबू विकायला परवाना मिळेना. वनखात्याचे म्हणणे, बांबू हे लाकूड आहे. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या बांबूवर बल्लारपूरच्या कागद गिरणीचा दशकानुदशके हक्क होता, तो आता गाव निविदा काढून विकू लागले.

पाचगाव : चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले हे छोटे गाव या नोंदीच्या विषयाला सर्वांत जवळचे, कारण इथे खरोखरच डेपो चालतो. 2012 मध्ये 1,006 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाल्यावर गावाने बांबू स्वतः तोडून, प्रतवारी लावून, डेपोत रचून विकायला सुरुवात केली. तोडणाऱ्याला रोजी ग्रामसभा देते, खरेदीदाराशी ग्रामसभा बोलते. गावाने जंगलाचा एक भाग कुऱ्हाडबंद करून देवराईसारखा राखला आहे. त्याहून लक्षात राहणारा निर्णय तेंदूचा. पाने कोवळी व मोठी यावीत म्हणून झुडपे छाटतात, आग लावतात. त्यात टेंभराचे, म्हणजे तेंदूचेच, फळ जाते, जे माणसेही खातात आणि पाखरेही. म्हणून पाचगावाने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. कोणता माल विकायचा नाही हे ठरवणारे दुकान तसे दुर्मीळच. अर्थात बांबूचे उत्पन्न हाताशी होते म्हणून हे परवडले, हेही नोंदवायला हवे. भामरागडच्या पाड्याला तेंदू सोडा म्हणणे म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी रोख रक्कम सोडा म्हणणे.

तेंदूचा हंगाम : मे महिन्यातले काही आठवडे. पहाटे कुटुंबच्या कुटुंब जंगलात, दुपारी सावलीत पुडे बांधणे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजणी. महाराष्ट्रात पुड्यात 70 पाने आणि मानक बोऱ्यात 1,000 पुडे, म्हणजे एका बोऱ्यात 70,000 पाने. फळीवरचा दिवानजी पुडे मोजतो. पूर्वी तो ठेकेदाराचा माणूस असे आणि कमी पानांच्या नावाखाली पुडे बाद करी. ग्रामसभेच्या व्यवहारात मोजणी गावाच्या माणसासमोर होते. मजुरी वेगळी आणि मालाच्या मालकीपोटी मिळणारी रॉयल्टी वेगळी. पेसा गावांना दोन पर्याय असतात: लिलाव वनखात्याकडे सोपवणे किंवा तो स्वतः करणे. स्वतः करणाऱ्या गावांनी गट बांधले. कोरची तालुक्यात तर सुमारे 90 ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली. एकट्या पाड्याचा थोडका माल बघायला ठेकेदार फिरकत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

या मालाचे गिऱ्हाईक एकच, बिडी कारखानदार. त्यामुळे भाव त्याच्या मर्जीवर हलतो. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर 18 टक्के आणि बिडीवर 28 टक्के कर बसला. त्या वर्षीच्या हंगामात चढलेला भाव पुढच्या वर्षी उतरला. मालकी गावाची झाली तरी बाजार गावाचा होत नाही. करारात आगाऊ रक्कम किती आणि बाकी कधी, हे न लिहून घेतलेल्या ग्रामसभांची रॉयल्टी वर्षानुवर्षे अडकली आहे.

मोहफूल : तेंदू आणि बांबू ढिगाने जातात, एकाच खरेदीदाराला. मोहाचे तसे नाही, आणि ग्रामसभेच्या दुकानाची खरी परीक्षा इथेच होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात. बायका व मुले ती वेचतात, अंगणात वाळवतात; वाळल्यावर वजन निम्म्याहून खूप खाली येते. हाताला ओल लागत असताना भरलेले पोते पावसाळ्यात बुरशी आणि किडीने जाते. घरात पैसा नसतो म्हणून एप्रिलमध्ये फुले स्वस्तात विकली जातात, आणि पावसाळ्यात सणाला, पाहुण्याला, खायला तीच फुले चढ्या भावाने परत विकत घेतली जातात. मधल्या चार-पाच महिन्यांचा नफा ज्याच्याकडे कोरडे गोदाम आहे त्याचा. ग्रामसभेने निदान घरगुती गरजेपुरता साठा केला तरी हा पैसा गावात राहतो. त्याला मोठे भांडवल नको, लाकडी फळ्या आणि छप्पर न गळणारी खोली हवी.

कायद्याचीही भीती होती. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि मोहफूल दारूच्या कच्च्या मालात मोजले जाई. साठवण व वाहतुकीवर निर्बंध होते. त्यामुळे वेचणारी बाई संशयित आणि परवाना असलेला व्यापारी प्रतिष्ठित, असा उफराटा न्याय चालला. राज्याने हे निर्बंध 2021 मध्ये उठवले.

चारोळी : एप्रिल-मेमध्ये चार, म्हणजे चारोळीचे फळ, पिकते. आपण थांबलो तर दुसरा तोडील, या धास्तीने ती कच्चीच ओरबाडली जाते आणि फांद्याही मोडतात. वेचणीची तारीख ठरवणे हे म्हणून ग्रामसभेचे व्यापारी काम आहे, केवळ वनरक्षणाचे नव्हे. बी फोडून गर काढला तर भाव बराच वाढतो. पण हाताने फोडताना गर तुटतो, म्हणून यंत्र हवे, आणि यंत्राला वीज. केंद्र सरकारने 2018 मध्ये आणलेल्या वनधन योजनेत साधारण 300 वेचणाऱ्यांचे एक केंद्र धरले आहे. विखुरलेल्या पाड्यांत इतकी माणसे एका जागी आणणे ही कागदावर सोपी गोष्ट आहे.

उधारी : 1844 मध्ये इंग्लंडच्या रॉचडेल गावात विणकरांनी पीठ, लोणी, साखर असा मोजका माल घेऊन सहकारी दुकान काढले. त्यांचा एक कडक नियम होता, उधारी नाही. जगभरच्या सहकारी दुकानांनी तो आदर्श मानला. भामरागडच्या पाड्यावर तो जसाच्या तसा चालणार नाही. येथे माणूस दुकानात येतो तोच मुळी जूनमध्ये बियाण्याला, ऑगस्टमध्ये आजारपणाला पैसे हवेत म्हणून, आणि देणार मार्चच्या मोहावर. व्यापारी ही उचल देतो आणि तिच्या बदल्यात पुढच्या हंगामाचा माल आधीच आपल्या नावावर करून घेतो. म्हणजे ग्रामसभेची स्पर्धा व्यापाऱ्याच्या भावाशी कमी आणि त्याच्या उचलीशी अधिक आहे. दोन रुपये जास्त भाव दिला आणि उचल दिली नाही, तर माल येत नाही. तेंदूच्या रॉयल्टीतला हिस्सा कोषात ठेवून त्यातून हंगामी उचल देणे, ही यातली सर्वांत व्यवहार्य वाट दिसते. महिला बचत गटांनी लहान प्रमाणात ती अनेक ठिकाणी आधीच चोखाळली आहे, आणि वसुलीत त्यांचा हात ग्रामसभेच्या पुरुष पदाधिकाऱ्यांपेक्षा अधिक पक्का असतो.

हिशेब : रक्कम लाखांत गेली की ग्रामसभेला पॅन, बँक खाते, जीएसटी क्रमांक, लेखापरीक्षण हे सारे लागते. खात्यावर सह्या दोघा-तिघांच्या आणि बँक तालुक्याच्या गावी. केवळ विश्वासावर चाललेली वही इथे अपुरी पडते. काही गावांनी जमाखर्च सभेत माडिया किंवा गोंडीत मोठ्याने वाचायची पद्धत ठेवली. अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्यालाही आपले किती पुडे गेले होते ते तोंडपाठ असते आणि वाचणाऱ्याची चूक तो जागच्या जागी काढतो. लेखापरीक्षक वर्षातून एकदा येतो.