बहिरी ससाण्याची अंडी कोणी पाहिली?

मराठीत आपण एका पक्ष्याला उगाचच बहिरा ठरवून टाकलंय. 'बहिरी ससाणा' म्हटलं की लहानपणी मला वाटायचं, याला ऐकू येत नसणार. प्रत्यक्षात अरबी-फारसीत 'बहर' म्हणजे समुद्र आणि बहरी म्हणजे दर्याकडचा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा हा पक्षी किनारे आणि मोठे तलाव धरून राहतो, तिथेच तो जाळ्यात सापडायचा. नावात त्याचा पत्ता होता, आपण तो कानाचा आजार करून टाकला.

शिकारी पक्ष्यांच्या जुन्या नावांत याहून मोठी गंमत आहे. मादी बाज, तर तिचा नर जुर्रा. मादी शिकरा, नर चिपका. मादी तुरुमती, नर चटवा. मादी लग्गड, नर झग्गड. हे शब्द बाजदारांच्या व्यवहारातले. गाय-बैल असे आपण वेगळे शब्द वापरतो, पण तिथे गोठ्यात वासरू जन्मताना आपण पाहिलेलं असतं. इथे मात्र मादी मोठी, म्हणून तित्तर-सशावर सोडायची. नर जवळपास एक तृतीयांश लहान, म्हणून छोट्या पाखरांवर सोडायचा. म्हणजे ही दोन हत्यारांची नावं झाली. एका जोडप्याची नावं म्हणून ती कुणी वापरत असेल असं मला वाटत नाही, कारण या दोघांना अंडी घालताना दरबारात कोण बघणार होतं?

दरबारी लिखाण मात्र भरपूर आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ १२व्या शतकातला. मराठीच्या विद्यार्थ्यांना तो जुन्या मराठी गीतांच्या ओळींसाठी माहीत असतो. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, श्येनविनोदही आहे: ससाणे उडवून केलेली शिकार. पुढे कुमाऊंच्या रुद्रदेवाने 'श्यैनिकशास्त्र' असा आख्खा ग्रंथच लिहिला. पक्षी कसा माणसाळवायचा, कधी उपाशी ठेवायचा, आजारी पडला तर काय द्यायचं, सगळं त्यात येतं.

मग मोगल. आपलं वाशिम 'ऐन-ए-अकबरी'त बासीम या नावाने वऱ्हाड सुभ्याचं एक सरकार म्हणून नोंदलेलं आहे. त्याच ग्रंथात दुसरीकडे बाज आणि बहिरींच्या किमती आहेत, त्यांना रोज किती मांस द्यायचं याचे आकडे आहेत. हिशेब सगळा विकत घेण्याचा आणि खाऊ घालण्याचा. अबुल फजलसारख्या माणसाने स्वयंपाकघरातल्या मसाल्यांचेही हिशेब लिहिले, तेव्हा विसराळूपणाचा आरोप त्याच्यावर करता येत नाही.

जहांगीर तर याबाबत वेडाच होता. पाळलेल्या सारस जोडीने अंडी घातली तेव्हा नर-मादी आळीपाळीने कसे उबवतात हे त्याने आठवणींत नोंदवून ठेवलं. अकबराने हजारभर चित्ते जमवले, त्यांनी जोडी करावी म्हणून खटपट केली, पण जमलं नाही, हेही त्यानेच लिहिलंय. इराणच्या शाह अब्बासकडून आलेला ससाणा वाटेत मांजराने जखमी केला आणि मेला, तेव्हा त्याने उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. मेलेल्या ससाण्याचं चित्र होऊ शकलं, पण जिवंत ससाण्याच्या जागी दुसरा हवा असेल तर पुन्हा रानातूनच पकडून आणायचा.

असं का, याची कारणं बाजदारीतच आहेत. उडवायचा पक्षी वजनाने जरा कमी, भुकेला ठेवावा लागतो, नाहीतर तो परत हातावर येत नाही. भुकेली मादी अंडी कशाला घालेल? शिवाय एका पिंजऱ्यात ठेवल्यास मोठी मादी नराला मारून टाकू शकते. घरट्यातून पिल्लू उचलून हाताने वाढवलं, तर ते मोठेपणी माणसालाच आपल्या जातीचं समजतं. आणि सगळं जुळलं तरी ससाण्याची वीण वर्षातून एकदाच. आपली गावरान कोंबडी वर्षाला काही डझन अंडी देते. बहिरी ससाण्याची मादी साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन-चार अंडी देते आणि थांबते. उबवायला महिन्याहून जास्त दिवस. लग्गड स्वतः घरटंही फारसं बांधत नाही, कावळ्या-घारीचं जुनं घरटं बळकावतो.

हे सगळं माहीत असलेली माणसं होतीच, पण ती दरबारात नव्हती. फासेपारधी आजही वाशिम, अकोला, अमरावतीत आहेत. कुठल्या झाडावर शिकऱ्याचं घरटं, पिल्लू कधी उडणार, हे फासे लावणाऱ्यालाच कळणार. ग्रंथ लिहिले राजांनी, आणि ज्यांच्या डोळ्यांवर त्यांचा शौक चालला त्यांच्या जमातींना इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. हा इतिहास ससाण्याच्या इतिहासापासून वेगळा काढणं मला जमत नाही.

बंदिवासात बहिरी ससाण्याची पिल्लं पहिल्यांदा वाढली ती जर्मनीत, १९४२-४३ मध्ये, रेन्झ वालर या चित्रकार-बाजदाराकडे. बाहेर महायुद्ध चालू होतं, त्यामुळे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. लक्ष जावं लागलं ते डीडीटीमुळे. या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ झाली, उबवताना आईच्याच वजनाखाली फुटू लागली. डेरेक रॅटक्लिफने ब्रिटनमधल्या संग्रहांतली जुनी-नवी कवचं तपासून १९६७ मध्ये हे दाखवून दिलं. अमेरिकेत टॉम केड यांनी १९७० मध्ये 'पेरेग्रीन फंड' उभा केला, आणि हजारो वर्षं पकडण्याचंच काम करणारी बाजदार मंडळी पहिल्यांदा अंडी मोजू लागली.

त्यांना सापडलेली युक्ती साधी आहे. पहिली अंडी काढून घेऊन यंत्रात उबवली, तर मादी साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते. वर्षातून एकदाच, हा नियम माणसाने असा थोडा वाकवला. माणसालाच जोडीदार समजणाऱ्या नरांसाठी काहींनी खास टोपीही बनवली. नर त्या टोपीवर येऊन बसतो आणि तिथून रेत गोळा करतात. जहांगीरने हे पाहिलं असतं तर दोन पानं नक्की लिहिली असती. १९९९ मध्ये अमेरिकेने बहिरी ससाण्याला संकटग्रस्त यादीतून काढलं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने बाजदारी संपली. मी म्हणेन, बरंच झालं. पण अंड्याचा प्रश्न ससाण्याच्या मागून गिधाडांच्या रूपाने आला. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. हरियाणातल्या पिंजोर इथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि तिथल्या वनखात्याने प्रजनन केंद्र सुरू केलं. इथलं गणित ससाण्याहून कठीण आहे: जोडीला वर्षाला एकच अंडं, तेही पक्षी पाचेक वर्षांचा झाल्यावर. मग ससाण्यांवर शिकलेली युक्ती गिधाडांवर वापरली गेली. पहिलं अंडं उचलायचं, दुसऱ्याची वाट पाहायची.

त्या केंद्रातली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात आणली गेली, आणि २०२५ मध्ये मेळघाटातही. त्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवतात, ती कुठे जातात हे नकाशावर दिसतं. ताडोब्यातून सुटलेलं एक गिधाड तर थेट तमिळनाडूत पोहोचलं. तेव्हा मेळघाटातून वाशिमला यायला एखाद्याला एक सकाळ पुरेल. आलं तर ते उतरणार गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या ढोरावर. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कीटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवर २०२३ पासून. अभ्यासकांच्या हिशेबाने शंभर ढोरांत एकाच्याही अंगात हे औषध नसलं, दोन-तीनशेंत एकाच्या असलं, तरी गिधाडं संपायला तेवढं पुरतं. त्या ढोराला मरायच्या आधी दोन-तीन दिवसांत कोणतं इंजेक्शन टोचलं होतं, हे ढोराच्या मालकाला माहीत असतं.