सातपाटीची होडी आणि पापलेट

मे महिन्यात ठाणे-कल्याणची मंडळी डुंबायला खडवलीच्या भातसा नदीवर जातात. समुद्रच हवा असेल तर अलिबाग, फार तर केळवे. केळव्याच्या उत्तरेला सातपाटी आहे. पालघर स्टेशनला उतरून तिकडची एसटी धरतात ती मात्र बहुतेक गावचीच माणसं. सातपाटीत बघायचं ते बंदरावर, आणि तेही भरतीची वेळ साधली तरच. ओहोटीला खाडी उघडी पडते आणि होड्या गाळात बसून राहतात.

या होड्यांना मोठा इतिहास आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत मासेमारीला इंजिन द्यायचं ठरलं, तेव्हा केरळची ओंडक्यातून कोरलेली होडी आणि मद्रासकडचा कट्टुमरम तराफा यांत यंत्र बसवायचं कुठे, हाच प्रश्न होता. इथे तो आला नाही. मांगेला आणि वैती मच्छीमारांची शिडाची होडी मुळातच ऐसपैस, टोकदार नाळेची, खोल समुद्रात टिकणारी. तिचा सांगाडा फारसा न बदलता इंजिन बसलं. मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत ‘सातपाटी पद्धतीची होडी’ असा प्रकारच नोंदला गेला. गावाचं नाव होडीला मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हे!

पण इंजिन आलं की डिझेल आलं, बर्फ आला, कर्जही आलं. एकट्या नाखव्याला ते पेलणारं नव्हतं. तो भार सहकारी संस्थांनी उचलला. ‘सातपाटी मच्छीमार’ आणि ‘सर्वोदय’ या दोन संस्थांनी डिझेल, बर्फ पुरवला आणि मासळीची विक्रीही हातात घेतली. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की लोकांना ऊस आठवतो; पापलेटही आठवायला हरकत नाही.

एकजुटीची सवय त्याआधीचीही म्हणता येईल. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्चावर पालघरला गोळीबार झाला. त्यात पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे त्यांतले एक. खाडीपलीकडच्या मुरब्याचाही एक जण त्यांत होता. पालघरचा हुतात्मा चौक त्या पाचांचा.

इथली मासेमारी दोन जाळ्यांची. दालदी जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं आणि पापलेट त्याच्या आसात कल्ल्यांशी अडकतं. डोल म्हणजे लांबलचक पिशवी. ती प्रवाहाच्या तोंडाशी बांधायची आणि पाण्यानेच मासळी आत लोटायची. त्यामुळे डोलीचं गणित चंद्रावर चालतं: आवस-पुनवेच्या उधाणाला जाळं भरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाण्याला ओढच नसते. डोलीत येतो तो मुख्यतः बोंबील. वाळवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती बांबूंच्या मांडवावर ताणलेल्या दोरीवर टाकतात. एक या अंगाला, एक त्या अंगाला. वेगळी गाठ लागत नाही. पावसाळ्याआधी आगोटीच्या बेगमीला घरोघरी भरतात ती हीच सुकी मासळी.

पापलेटाचं नशीब निराळं. ते बर्फात बसून मुंबईला गेलं, तिथून परदेशी. भाव चढला तशी जाळीही वाढली. ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांवर इथले मच्छीमार बोट ठेवतात आणि त्यात तथ्य आहे. पण बोटभर पिल्लं डोलीच्या बारीक आसातही येतात, हेही तितकंच खरं. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा ठरलं. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरही नाही. एवढ्याही आकाराची हमी कायद्याने द्यावी लागते, यावरून माशाची गत कळते.

त्यातच उत्तरेला, डहाणूजवळ वाढवण बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला त्याची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ७६ हजार कोटी. ज्या पट्ट्यात भराव पडणार तिथेच मासळी अंडी घालते, असं किनाऱ्यावरच्या मच्छीमार संघटनांचं म्हणणं. सरकार नुकसानभरपाई आणि रोजगाराचं आश्वासन देतं. सातपाटीकरांची जुनी मागणी मात्र साधी आहे: खाडीतला गाळ काढा, म्हणजे भरतीची वाट न बघता होडी बंदराला लागेल.