चाहता-मालकी (फुटबॉल)

चाहता-मालकी : फुटबॉल क्लबाची मालकी किंवा निर्णायक मताधिकार वर्गणीदार सभासदांकडे ठेवणारी व्यवस्था. जर्मनीत आणि स्पेनमधील मोजक्या क्लबांत सभासदांची नोंदणीकृत संस्था हाच क्लब असतो. इंग्लंड-वेल्समध्ये चाहत्यांचा न्यास क्लबाचे भाग विकत घेतो. या व्यवस्थेचे समर्थन बहुधा काटकसरीच्या नावाने होते, पण पुरावा त्याला पुरेसा आधार देत नाही. तिचे मोल आहे ते गाव, मैदान, नाव अशा एकदा गेल्यावर सहसा परत न मिळणाऱ्या गोष्टींच्या विक्रीला नकार देण्याच्या अधिकारात.

सभासद खर्चाला आवर घालतातच असे नाही. स्पेनच्या १९९० च्या कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावे लागले. रेआल माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार सभासदांकडे राहिले. फ्लोरेंतिनो पेरेझ २००० मध्ये रेआलचे अध्यक्ष झाले, ते बार्सिलोनाच्या लुईस फिगोला आणण्याचे आश्वासन देऊन. सहकारी साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेल्या वाचकाला हे नवल वाटणार नाही. बार्सिलोनाला २०१७ मध्ये नेमारच्या विक्रीतून २२.२ कोटी युरो मिळाले; ते देम्बेले आणि कुटिन्यो यांच्यावर खर्ची पडले. २०२१ मध्ये क्लबाचे कर्ज सुमारे १३५ कोटी युरो असल्याचे अध्यक्षांनीच जाहीर केले आणि लीगच्या पगारमर्यादेत न बसल्याने मेस्सी गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बड्या क्लबांच्या फुटीर युरोपीय सुपर लीगची घोषणा झाली. त्यातून सहा इंग्लिश क्लब दोन दिवसांत बाहेर पडले. त्यानंतरही तिला चिकटून राहिलेल्यांत रेआल आणि बार्सिलोना हे सभासदांचे दोन क्लब होते.

जर्मनीत १९९८ पासून क्लबांना व्यावसायिक संघ कंपनीकडे देता येतो. मात्र ५० टक्के अधिक एक मत मूळ संस्थेकडेच राहावे लागते. लेव्हरकुसेन (बायर) व वोल्फ्सबुर्ग (फोक्सवागन) यांना सवलत मिळाली. लाइपझिगने मतदार सभासद मूठभरच ठेवून नियमाचे शब्द तेवढे पाळले, असा आक्षेप आहे. जर्मन क्लबांच्या शिस्तीचे श्रेय या नियमाला दिले जाते, पण ते अधिक जाते दर हंगामाआधी हिशेब तपासणाऱ्या परवाना-पद्धतीला. नियम लागू असतानाच २००५ मध्ये बोरुसिया डॉर्टमुंड दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. चाहत्यांचे बळ दिसले ते वेगळ्या ठिकाणी : माध्यम-उत्पन्नातील वाटा गुंतवणूकदाराला विकण्याच्या लीगच्या बेताविरुद्ध मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बेत सोडावा लागला.

सर्वांत बोलके उदाहरण विम्बल्डनचे. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणारा हा क्लब १९९१ मध्ये प्लाऊ लेन सोडून दुसऱ्याच्या मैदानावर खेळू लागला. पुढे ती जागा विकली गेली आणि तिथे घरे उभी राहिली. मे २००२ मध्ये त्रिसदस्य आयोगाने दोन विरुद्ध एक मताने क्लबाला मिल्टन कीन्सला जाण्याची मुभा दिली. चाहत्यांनी आठवडाभरातच नवा क्लब काढायचे ठरवले. विम्बल्डन कॉमनच्या गवतावर झालेल्या खुल्या चाचणीला दोनशेहून अधिक खेळाडू आले. जुलैत सटनविरुद्धचा पहिला मित्रत्वाचा सामना संघ ०-४ असा हरला. प्रेक्षक होते ४,६५७. नवव्या पायरीपासून सुरुवात करून एएफसी विम्बल्डन २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. नव्या मैदानाला पैसे कमी पडले तेव्हा रोखे विकून ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये क्लब प्लाऊ लेनवरील या नव्या मैदानात परतला, तोही करोनामुळे रिकाम्या स्टँडसमोर.

मुख्य आक्षेप असा की असा क्लब धनाढ्य मालकाशी टक्कर देऊ शकत नाही. पोर्ट्समथ त्याचा दाखला ठरतो : दोनदा प्रशासकाच्या ताब्यात गेलेला हा क्लब चाहत्यांच्या न्यासाने २०१३ मध्ये वाचवला आणि २०१७ मध्ये मायकेल आयस्नर यांच्या कंपनीला विकला. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. गुणतक्त्यातले स्थान सापेक्ष असते. सर्वांनी खर्च वाढवला तरी पहिला एकच राहतो आणि वाढीव पैसा मुख्यतः पगारांत जातो. शिवाय पोर्ट्समथची विक्री भागधारकांच्या मतदानाने झाली. खासगी मालकाच्या हातातील बरी क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढला गेला, तेव्हा चाहत्यांना कोणी विचारलेही नव्हते. बायर्नने २०१३ ते २०२३ सलग अकरा विजेतेपदे मिळवली, त्याचा दोष ५०+१ नियमाला देणाऱ्यांनी शेजारच्या फ्रान्समध्ये कतारी पैशावरचे पॅरिस सेंट-जर्मेनचे वर्चस्वही पाहावे.

इटली : या पद्धतीचा प्रभाव किरकोळ.

भारत : इंडियन सुपर लीगमधील बहुतेक संघ कंपन्यांकडे. मोहन बागानच्या फुटबॉल संघात २०२० पासून ८० टक्के भाग आरपीएसजी समूहाचा. नावात जोडलेले ‘एटीके’ (समूहाच्या आधीच्या संघाचे नाव) चाहत्यांच्या विरोधानंतर २०२३ मध्ये वगळले गेले.